भाकिताचा प्रॉप घेण्याआधी पारखायचा कसा

भाकिताचा प्रॉप, म्हणजे प्रेक्षक काय निवडणार ते आधीच लिहून ठेवल्याचं दाखवणाऱ्या खेळाचं साहित्य, समोर आला की बहुतेक जादूगार आधी त्याच्या पोटात डोकावतात. कप्पा कसा सरकतो, चुंबक कुठे बसवलाय, कागद आत कुठून जातो. ते बघायचंच आहे, पण सगळ्यात शेवटी. पहिलं हातात घ्यायचं ते घड्याळ. प्रेक्षकाने आपली निवड मोठ्याने सांगितली आणि भाकीत वाचलं गेलं, या दोन क्षणांच्या मध्ये किती सेकंद जातात आणि तेवढ्या वेळात तुमचे हात कुठे असतात, यावर प्रॉप घ्यायचा की नाही ते ठरतं. यंत्र कितीही सुबक असलं तरी ते सेकंद अवघडलेले असतील तर प्रॉप दोन प्रयोगांनंतर माळ्यावर जातो.

खाली ज्या तत्त्वांचा उल्लेख येतो ती प्रयोग करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतात. कुणा एका निर्मात्याच्या रचनेचं गुपित इथे उघडलेलं नाही.

रेघ ओढा, सेकंद लिहा

कागदावर आडवी रेघ ओढा आणि तिच्यावर चार खुणा करा: भाकीत प्रेक्षकांना पहिल्यांदा दिसलं, निवड जाहीर झाली, तुम्ही प्रॉपला शेवटचा हात लावला, भाकीत वाचलं गेलं. मग विक्रेत्याचा व्हिडिओ लावा आणि प्रत्येक खुणेपुढे सेकंद मांडा. व्हिडिओ जिथे कापलाय, कॅमेऱ्याने एका कोनातून दुसऱ्या कोनात उडी मारलीय, तिथे फुली मारा. विक्रेत्याला अडचणीची वाटणारी हालचाल बहुधा त्या फुलीखालीच असते. त्या जागेचा सलग व्हिडिओ मागा. मिळाला नाही, तर प्रॉप प्रत्यक्ष हातात घेऊन बघेपर्यंत पैसे देऊ नका.

शेवटचा हात निवडीच्या आधी पडत असेल तर खेळ मजबूत. तेव्हा सगळा भार निवडीवर असतो: एकतर निवड फोर्स केलेली असते, म्हणजे प्रेक्षकाला न कळता ती तुम्हीच ठरवलेली असते, किंवा अनेक उत्तरं आधीच पेरून ठेवलेली असतात. शेवटचा हात निवडीनंतर पडत असेल, म्हणजे लिखाण किंवा अदलाबदल उशिरा होत असेल, तरी प्रॉप वाईट ठरत नाही. पण तो हात का लागला याचं कारण प्रेक्षकाला न सांगता पटायला हवं. लिफाफा फाडून आतला कागद प्रेक्षकाच्या हाती देणं हे कारण झालं. पेटी उगाच थोडी फिरवून ठेवणं हे कारण होत नाही, आणि प्रेक्षकांच्या नेमकं तेच लक्षात राहतं.

निवड आणि शेवटचा हात यांच्यात फार कमी वेळ असेल तर काम घाईत होतं. फार जास्त असेल तर तो भरायला निवेदन लागतं. उशिरा लिहिण्याच्या प्रॉपसाठी १० ते २० सेकंद सोयीचे. तेवढ्यात तुम्ही निवडलेली गोष्ट पुन्हा एकदा सगळ्यांना सांगता, ज्याने निवडली त्याला उभं करता, आणि हाताचं काम उरकतं. ४० सेकंद लागत असतील तर त्या वेळात तुम्ही काय बोलणार ते खरेदीच्या आधी लिहून काढा. लिहिताच येत नसेल तर तो प्रॉप तुमच्यासाठी नाही.

मराठीत चालतो का

बाहेरून येणारे प्रॉप इंग्रजी प्रेक्षक डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले असतात. मुंबईत हे सगळ्यात जास्त अडतं अंकांपाशी. एकाच हॉलमध्ये कुणी देवनागरी अंक लिहितं, कुणी इंग्रजी, एखाद्या आजी गुजराती. देवनागरी एक घाईत लिहिला की इंग्रजी नऊसारखा दिसतो. देवनागरी चार हा थेट इंग्रजी आठ वाटतो. चोरून एक नजर टाकायची असेल तर हातात अर्धा सेकंद असतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात १४ चा ९८ होतो. म्हणून ज्या कागदावर प्रेक्षक लिहिणार आहे त्यावर चेकसारख्या दोन ओळी छापून घ्या, अंकी आणि अक्षरी. कुणाला त्यात वावगं वाटत नाही, आणि तुम्हाला पडताळून बघता येतं. प्रॉपच्या खिडकीत या दोन्ही ओळी मावतात का, ते मोजा.

उच्चारातही हाच घोळ आहे. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी हे मागच्या रांगेत सारखेच ऐकू येतात, आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलांना एकोणसाठ म्हणजे किती ते चटकन उमगत नाही. निवड जाहीर करताना आकडे सुटे बोला: पाच, नऊ. भाकीत वाचतानाही तसंच. शेवटच्या क्षणी हॉलमध्ये कुजबुज झाली की टाळीचा जोर जातो.

नखाला किंवा अंगठ्याला बसणाऱ्या, चोरून लिहायच्या लेखणीने देवनागरी शब्द लिहिणं जवळजवळ अशक्य. शिरोरेषा, वेलांटी, जोडाक्षर यांपैकी काहीच धड उमटत नाही. तिच्यावर दोन किंवा तीन अंकांपलीकडे भार टाकू नका. बाकीचं वाक्य आधी लिहून ठेवा आणि अंकांसाठी साधारण अडीच सेंटिमीटर रुंद, दीड सेंटिमीटर उंच जागा सोडा. आधीचं वाक्यही उभ्याने, कागद हातावर धरून, थोडं वाकडंतिकडं लिहा. सुरेख अक्षरातल्या ओळीत दोनच आकडे थरथरलेले असले की बघणारा तिथेच थबकतो. लेखणीची रेघ आणि बाकीच्या मजकुराची रेघ एकाच जाडीची, एकाच रंगाची हवी. शिशाची लेखणी असेल तर पूर्ण मजकूर पेन्सिलीने.

पत्त्यांचं भाकीत मराठीत लिहा. बदाम राणी, इस्पिकचा एक्का, किलवर सत्ती ही नावं कानाला ओळखीची आहेत. तयार छापील भाकिताचं कार्ड इंग्रजीत असेल तर ते बदलून मराठी छापता येतं का, की प्रॉपच्या रचनेतच इंग्रजी अक्षरांची लांबी धरलेली आहे, हे विचारून घ्या.

शब्दांच्या निवडीने प्रेक्षकाला वळवायचा खेळ असेल तर मराठी उलट आपल्या बाजूने आहे. 'ठेवा' या एका क्रियापदात जवळ राखणं आणि खाली ठेवून देणं हे दोन्ही अर्थ आहेत. दोन लिफाफ्यांपैकी एकाला बोट लावलं आणि तुम्ही म्हणालात 'हा ठेवू या', तर पुढची हालचाल तुमच्या हातात राहते. पण प्रॉपसोबत आलेलं इंग्रजी निवेदन शब्दशः मराठीत आणलंत तर ही सोय हातची जाते आणि वाक्यं अडखळतात. म्हणून प्रॉप पारखताना निवेदन स्वतः मराठीत रचा, दहा वेळा मोठ्याने म्हणा, आणि कुठे जीभ वळत नाही ते बघा.

अनेक उत्तरं पेरलेल्या खेळात यादी स्थानिक असावी लागते. स्टेशनांची यादी घ्यायची झाली तर चर्चगेट ते बोरीवली २२ स्टेशनं होतात. एवढी उत्तरं कुठलाच प्रॉप सांभाळू शकत नाही. आधी निवड सहा-सातवर आणावी लागते आणि तीही सहज वाटली पाहिजे. जुनी छापील यादी वापरत असाल तर एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी २०१८ मध्ये झालं आणि राम मंदिर स्टेशन २०१६ मध्ये वाढलं, हे तपासा. पश्चिम रेल्वेवर रोज उभं राहणारा प्रेक्षक चुकलेली यादी एका नजरेत पकडतो आणि मग त्याला सगळंच खोटं वाटायला लागतं.

कागद, घडी, शाई

कागदाच्या मापाकडे कुणी लक्ष देत नाही आणि प्रयोग तिथेच अडकतात. अमेरिकेत बनलेली क्लिपबोर्ड, पॅड आणि पाकिटं त्यांच्या लेटर मापाची असतात, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपल्याकडचा ए-फोर २१० बाय २९७. म्हणजे आपला कागद रुंदीला सहा मिलिमीटर कमी पडतो आणि खाली १८ मिलिमीटर बाहेर येतो. कागदाच्या कडेवर काही लपवायचं असेल तर ते सहा मिलिमीटर पुरे उघडे पाडायला. दर वेळी कागद कापून घेणार की तसे गठ्ठे अब्दुल रहमान स्ट्रीटवरून एकदाच कापून आणणार, हे आधी ठरवा.

मग घडी. ८० जीएसएमच्या (नेहमीच्या झेरॉक्सच्या) ए-फोर कागदाला चार घड्या घातल्या की सोळा थर होतात आणि माप ५२ बाय ७४ मिलिमीटर राहतं. दाबून धरली तर जाडी दीड-पावणेदोन मिलिमीटर भरते, पण बोटं सोडली की घडी फुगून पाच-सहा मिलिमीटरवर जाते. प्रॉपची वाट चार मिलिमीटरची असेल तर ती घडी अर्ध्यात अडकणार. अर्धा कागद, म्हणजे ए-फाइव्ह घेऊन तीन घड्या घातल्या तर त्याच मापात आठच थर राहतात. प्रत्येक घडी नखाने दोनदा दाबा. कागद ज्या दिशेने सरळ फाटतो त्या दिशेची घडी जास्त चपटी बसते. दोन तुकडे फाडून ती दिशा ओळखा आणि शेवटची, सगळ्यात जाड घडी त्या दिशेने येईल असं बघा.

शाईची पारख नाकाने आणि कानाने करायची. परमनंट मार्करने नुकतंच लिहिलेलं भाकीत बंद पेटीतून बाहेर आलं की वास येतो, आणि पेटी उघडणाऱ्या माणसाचं नाक तिच्यापासून फुटभरच लांब असतं. आठवड्यापूर्वी लिहिलेल्या कागदाला वास नसतो, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. शिवाय मार्कर कागदावर किरकिरतो आणि ८० जीएसएमच्या पाठीमागे उमटतो. जेल पेनची शाई ओली असताना घडी घातली तर समोरच्या भागावर उलटा ठसा येतो. बॉलपेन सुकायला वेळ लागत नाही पण तिसऱ्या रांगेपलीकडे दिसत नाही. उशिरा लिहायचं असेल तर जाड टोकाचं बॉलपेन किंवा मऊ पेन्सिल, आणि दुरून दिसायचं काम वेगळ्या मोठ्या फलकाकडे सोपवा.

कुलुपाची पेटी

मुंबईत सगळ्यात जास्त मागणी याच प्रकाराला आहे: मंडळाच्या कार्यक्रमाआधी आठवडाभर पेटी खजिनदाराकडे, प्रयोगाच्या दिवशी मंचावर कुलूप उघडायचं, आत त्या दिवसाच्या वर्तमानपत्राचा मथळा. म्हणून तिची पारख जरा सविस्तर.

पेटी कशाची आहे ते आधी विचारा. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला फलक, दमटपणात कडांनी फुगतो, आणि जूनच्या शेवटापर्यंत सरकता भाग जाम होतो. मरीन प्लाय टिकतो. सरकणाऱ्या भागाच्या दोन्ही बाजूंना साध्या कागदाची पट्टी पाच पदरी घालून जाईल एवढी, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची, फट हवी. अडकतंय म्हणून तेल घालू नका. तेल भाकिताच्या कागदाला लागतं आणि पारदर्शक डाग पडतो. पेन्सिलीची पूड कागद काळा करते. पांढरी मेणबत्ती घासून कोरड्या फडक्याने पुसली की काम होतं. स्क्रू आणि बिजागऱ्या पितळी किंवा स्टेनलेस हव्यात. लोखंडी स्क्रू खाऱ्या हवेत गंजतो आणि त्याची तांबूस रेघ फिक्या रंगाच्या लाकडावर दिसते, तीही लपवलेल्या भागाच्या जागी.

ॲक्रिलिकची पारदर्शक पेटी छान दिसते, पण थंडगार एसी बँक्वेटमधून पावसाळ्यात बाहेर लॉनवर आणली की तिच्यावर दव धरतं आणि पाच-सात मिनिटं आतलं काही दिसत नाही. ज्याचं काम दोन्ही ठिकाणी पडतं त्याने लाकडी घ्यावी.

पेटी हलवून बघा. रिकामी, आणि आत घडी असताना, आवाज सारखाच यायला हवा. नसेल तर आत फेल्ट (मऊ लोकरी कापड) चिकटवा. पातळ चालेल, पण तळाला आणि चारही भिंतींना. मग कुलूप. प्रॉप कधीही न पाहिलेल्या तीन माणसांना, त्यात एक साठीपुढचं असू द्या, चावी देऊन उघडायला सांगा. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर कुलूप बदला. मंचावर माणसाचे हात थरथरतात, दिवे डोळ्यांवर असतात, आणि कुलूप अडलं की तुम्हाला मदतीला पेटीजवळ जावं लागतं. त्यानंतर 'मी हातही लावला नाही' हे वाक्य तुम्हाला बोलता येत नाही. चावी कुठल्या हातातून कुठल्या हातात जाते ते त्या आडव्या रेघेवर मांडा. ती सुरुवातीपासून प्रेक्षकाकडे राहू शकते का, की उघडायच्या आधी तुमच्याकडे परत यावीच लागते? परत यावी लागत असेल तर त्यासाठी निमित्त कोणतं?

मथळ्याच्या भाकिताला दोन गोष्टी आधी बांधून घ्या. पहिली, कोणतं वर्तमानपत्र आणि कोणती आवृत्ती. एकाच दिवशी दोन दैनिकांचा मुख्य मथळा वेगळा असतो, आणि मुंबईची आवृत्ती ठाण्याच्या आवृत्तीपेक्षा वेगळी निघू शकते. ते प्रयोगाच्या आठवडाभर आधी जाहीर करा. दुसरी, त्या सकाळी मथळा अपघाताचा किंवा मृत्यूचा निघाला तर काय. प्रॉपमध्ये मथळ्याऐवजी दुसरं काही, सामन्याची धावसंख्या किंवा तापमानाचा आकडा, टाकायची सोय असायलाच हवी. लोकांच्या दुःखावर टाळी मागायची नसते. ज्या रचनेत ही पळवाट नाही ती कितीही चांगली असली तरी घेऊ नये.

कुठून काय दिसतं

एक वेळ ठरवून तीन खुर्च्यांवरून बघा: डावं टोक, उजवं टोक, आणि सगळ्यात मागची. पण मुंबईतल्या जागांना एवढं पुरत नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये मुलं पुढे जमिनीवर बसतात आणि खालून वर बघतात. गणेशोत्सवाच्या मंचापुढे उभे असलेले लोकही खालूनच बघतात, म्हणजे तळहाताखाली लपवलेलं त्यांना दिसतं. शिवाजी मंदिर किंवा दीनानाथ नाट्यगृहाच्या बाल्कनीतून बघणारा वरून बघतो. त्याला टेबलाचा माथा आणि पेटीचं तोंड दिसतं. कंपनीच्या कार्यक्रमात गोल टेबलं असतात, तुमच्या पाठीमागेही माणसं, आणि मोठ्या पडद्यासाठी एक कॅमेरामन ऐनवेळी तुमच्या डाव्या खांद्यापाशी येऊन उभा राहतो. प्रॉप यांपैकी किती ठिकाणी चालतो त्याची चारच उत्तरं लिहा. एकाच ठिकाणी चालत असेल तर त्या प्रकारचे वर्षाला किती प्रयोग मिळतात ते मोजून मग किंमत बघा. फोनवर चित्रीकरण करून सावकाश गतीने बघायलाही विसरू नका. प्रेक्षक तेच करणार आहेत.

अक्षराची उंची: दर १० फुटांमागे निदान १ इंच. शेवटची रांग ७० फुटांवर असेल तर सात इंची अक्षर हवं, आणि तशा अक्षरांतलं भाकीत ए-फोरवर मावत नाही. मग खाली सुटणारी कापडी गुंडाळी लागते, किंवा प्रेक्षकानेच माइकवर वाचायचं. देवनागरीची उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजा. वेलांटी, मात्रा आणि उकार यांना वर-खाली वेगळी जागा ठेवा. इंग्रजीसाठी आखलेल्या फलकावर दोन ओळी बसत असतील तर मराठीची एकच बसते असं धरून चाला. लाल मार्कर वापरू नका. मंचावरचा दिवा लाल झाला की लाल अक्षर पांढऱ्या कागदात विरून जातं.

नोटेच्या क्रमांकाचं भाकीत करत असाल तर एक बारीक गोष्ट. सध्याच्या नोटांवर उजवीकडे खाली छापलेल्या क्रमांकातले अंक डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. पहिले अंक फार लहान असतात आणि चष्मा विसरलेला प्रेक्षक ते चुकीचे वाचतो. वाचायला तरुण माणूस निवडा आणि शेवटचे चारच अंक घ्या.

वीज, बॅटरी, फोन

ब्लूटूथवर चालणारे प्रॉप वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात बोलतात. रिकाम्या खोलीत तीस फुटांवरून चालणारं यंत्र तीनशे फोन असलेल्या हॉलमध्ये दहा फुटांवर अडखळू शकतं. शिवाय माणसाचं शरीर या लहरी शोषतं: एक यंत्र मागच्या खिशात आणि तुम्ही समोरच्या दुसऱ्या यंत्राकडे तोंड करून उभे, हीच सगळ्यात वाईट स्थिती. चाचणी तशीच घ्या, गर्दीच्या वेळी, जमल्यास दादर स्टेशनबाहेर उभं राहून. खिशात कंप देणारं यंत्र असेल तर शांत खोलीत पाच फुटांवर माणूस उभा करून विचारा काही ऐकू येतं का. चाव्या किंवा नाणी त्याच खिशात असतील तर नक्की ऐकू येतं.

रिचार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे, साधे अल्कलाइन १.५ चे. काही यंत्रं कमी व्होल्टवर चालू होतात पण मध्येच बंद पडतात. निर्माता जो सेल सांगतो तोच वापरा, प्रत्येक महत्त्वाच्या प्रयोगाला नवा टाका, आणि खास आकाराची बॅटरी असेल तर ती लॅमिंग्टन रोडवर मिळते का ते प्रॉप घेण्याआधीच बघून या. प्रेक्षकाच्या फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर अवलंबून खेळ असेल तर सावध: ५ + ५ × २ याचं उत्तर फोन १५ देतो आणि दुकानातला साधा कॅल्क्युलेटर २०. प्रत्येक आकडेमोडीनंतर बरोबरचं बटण दाबायला सांगा, म्हणजे दोन्हींवर एकच उत्तर येतं.

आणि एक गोष्ट मुंबईत हमखास आडवी येते. हॉटेलच्या, मॉलच्या आणि ऑफिस संकुलांच्या दारात सामान यंत्रातून जातं. कुलूपबंद पेटी, आत तारा आणि बॅटरी, आणि चावी आयोजकाकडे: हे चित्र सुरक्षारक्षकाला कसं दिसेल ते समजून घ्या. पेटी उघडी आणि रिकामी न्या, यंत्र वेगळ्या डब्यात ठेवा, आयोजकाकडून आदल्या दिवशी दारावर नाव कळवून ठेवा. ज्या प्रॉपचं यंत्र काढून वेगळं नेता येत नाही त्याचा हा मोठा दोष समजा.

किती वेळा जमलं म्हणजे जमलं

दहा वेळा जमलं की लोक खूश होतात. हिशोब मात्र असा आहे: ओळीने जितक्या वेळा एकही चूक न होता जमलं, त्या आकड्याने तीनला भागा. तेवढं चुकीचं प्रमाण अजूनही शक्यतेत राहतं. ३० वेळा निर्दोष जमलं तरी दहातला एक प्रयोग फसण्याची शक्यता पुसली जात नाही. १०० वेळा जमलं तर ती शंभरात तीनवर येते. म्हणून घरात बसून शंभर. त्यातले वीस तरी कुर्ता-जॅकेट घालून, घामट हातांनी, उभ्याने. एक वही घ्या आणि फक्त चुका लिहा: काय अडलं, कितव्या पायरीला. तीच चूक तिसऱ्यांदा आली तर दोष हाताचा नसून रचनेचा आहे असं माना.

रीसेटही मोजा. टेबलांवर फिरून करायचा खेळ असेल तर ३० सेकंदांत, उभ्याने, खिशातल्या खिशात पुन्हा तयार व्हायला हवा. मंचावरच्या पेटीला दहा मिनिटं लागली तरी चालतात, पण त्याला टेबल आणि बंद खोली लागते, आणि सोसायटीच्या हॉलमागे ती नसते.

खर्चाचा हिशोब प्रयोगावर काढा. समजा एक प्रॉप १,५०० रुपयांचा आहे आणि दर वेळी ४० रुपयांचा खास लिफाफा खातो. दुसरा ४,५०० चा, दर वेळी ५ रुपये. शंभर प्रयोगांत पहिला ५,५०० ला पडतो, दुसरा ५,००० ला. वर पहिल्याचे लिफाफे वेळेवर आले नाहीत तर प्रयोगच अडतो.

भाकीत कसं सांगता

महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. अलौकिक शक्ती असल्याचं भासवून लोकांना फसवणं हा त्यात गुन्हा आहे. करमणुकीचा खेळ म्हणून केलेली जादू ही वेगळी गोष्ट, पण ती वेगळी आहे हे तुमच्या तोंडून यायला हवं. प्रॉपसोबत आलेल्या निवेदनात आत्मा, सिद्धी, ग्रह असं काही असेल तर ते काढून टाका. 'हा खेळ आहे, आणि कसा होतो ते मी सांगणार नाही' एवढं वाक्य सुरुवातीला पुरतं आणि त्याने परिणाम कमी होत नाही. भाकीत बघून प्रयोगानंतर कुणी आजाराबद्दल किंवा लग्नाबद्दल विचारायला येतं, तेव्हा त्यांना तिथल्या तिथे, नीट शब्दांत, हे खेळ असल्याचं सांगायचं.

दुसऱ्या दिवशीचा फोन

प्रॉप परत करायची मुदत असते तेवढ्यात ही चाचणी उरका. जादूशी संबंध नसलेल्या सहा-सात जणांपुढे, घरच्यांपुढे नको, एकदा पूर्ण प्रयोग करा. त्यानंतर काहीही विचारू नका. दुसऱ्या दिवशी एकेकाला फोन करून एवढंच म्हणा: 'काल काय झालं ते सांग ना, मला शब्दांत हवंय.' आणि सांगतील ते जसंच्या तसं लिहा.

'मी मनात आकडा धरला आणि तो आधीपासून त्या पेटीत होता' असं उत्तर आलं तर प्रॉप ठेवा. 'एक भारी पेटी होती' अशी सुरुवात झाली तर पेटी फार नटवी आहे. नक्षी आणि सोनेरी रंग काढून तिला साध्या डब्यासारखी करा आणि पुन्हा चाचणी घ्या. 'मग त्याने लिफाफा घेतला आणि...' असं कुणी सांगायला लागलं तर तो हात त्यांना दिसला आहे. रेघ पुन्हा काढा, त्या हाताला निमित्त शोधा, आणि तीन वेगळ्या माणसांपुढे पुन्हा करा. तरीही तेच वाक्य आलं तर मुदत संपायच्या आत प्रॉप मूळ खोक्यात, सगळ्या कागदांसह, बिल लावून परत पाठवा.